मुलगा सर्किटवर, होणारी सून साहेबांकडे

मेलबर्नहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा तिथेच कार्टिंग करत, म्हणजे छोट्या रेसिंग गाड्या चालवत वाढला. आता पुण्यात राहतो, चाकणला नोकरी करतो आणि सुट्ट्या साठवून कोइमतूर-चेन्नईला रेसिंगला जातो. त्याला आवडलेली मुलगी एका आमदारांची पीए आहे, आणि पुढच्या महापालिकेला तिला स्वतः उभं राहायचंय. ‘पहिल्याच व्हिडिओ कॉलवर अर्ध्यातून उठून गेली. म्हणे, साहेबांचा फोन! लग्नानंतर दोघांनी इकडे यावं, हे त्यांना कसं समजवायचं?’

ताई, आधी तो फोन. कुणाला ससूनमध्ये खाट हवी असते, कुणाचा दाखला अडलेला असतो, गणपतीत मंडळांच्या परवानग्या असतात. हे सगळं आधी पीएच्या फोनवर येतं. ती पानावरूनही उठत असणार. आणि प्रॅक्टिस चालू असताना तुमचा मुलगा तरी फोन घेतो का? त्याचं तुम्हाला कौतुक, तिचं मात्र खुपलं.

‘इकडे या’ हे तर बोलूच नका. नगरसेवक व्हायचं तर शहराच्या मतदार यादीत नाव लागतं. तिने उद्या ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं आपोआप गेलं. मग ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर, मतही देता येत नाही, उभं राहणं तर दूरच. पुण्यात २०१७ नंतर महापालिकेची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये, मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होता. इच्छुकांनी एवढा काळ प्रभागात चपला झिजवल्या, पुढच्यासाठी ही आत्तापासून झिजवतेय. तुमचा मुलगा ओसीआयवर पुण्यात हवा तितका राहू शकतो. म्हणजे जागा बदलणं त्याला परवडतं, तिला नाही.

मला खरी धास्ती वाटते ती पैशाची, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही. टायर, इंजिन, एंट्री फी, प्रवास. पगारात हे भागत नाही, प्रायोजक लागतो. आणि पुण्यात मोकळा पैसा कुणाकडे असतो, हे मी सांगायला नको. एखाद्या बिल्डरचा स्टिकर गाडीवर चढला आणि त्याचीच फाइल साहेबांच्या मतदारसंघात अडकलेली निघाली, तर कट्ट्यावर दुसरा विषय उरणार नाही. तो मुलगा कितीही वेगात चालवो, लोक म्हणणार, पीएने मिळवून दिलं. शिवाय उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात जोडीदाराची मालमत्ता आणि कर्जंही लिहावी लागतात. म्हणून साखरपुड्याआधीच त्या दोघांनी ठरवावं: प्रायोजकाचं नाव आधी तिच्या कानावर घालायचं, साहेबांकडे काम असलेल्याचा पैसा घ्यायचा नाही, आणि करार लेखीच करायचा. हे ऐकून तो चिडला तर आत्ताच चिडू दे.

रेसिंग म्हटलं की अपघाताची भीती आलीच, ती मी उडवून लावत नाही. पण सर्किटवर हेल्मेट, आगरोधक सूट, मानेचा आधार, डॉक्टर, रुग्णवाहिका हे सगळं नियमात बसवलेलं असतं. आपल्या हायवेवर यातलं काय असतं? तुम्ही विचारायचं ते विम्याचं. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून मोटार रेसिंग करताना झालेल्या दुखापतीचा खर्च सहसा वगळलेला असतो. त्याला पॉलिसीचे कागद पाठवायला सांगा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान स्वतः वाचा. आयुर्विमा घेताना रेसिंग लपवलं असेल, तर तेही कंपनीला आत्ताच कळवायला लावा.

राहता राहिली तारीख. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त धरू नका. डिसेंबरात अधिवेशनासाठी साहेब नागपूरला, मागोमाग ती, आणि याच्या शेवटच्या शर्यतीही बहुतेक त्याच सुमारास. एप्रिल-मे बघा. पुण्यात उकडेल, पण नवरा-नवरी दोघंही मांडवात हजर असतील. साहेबांना पत्रिका मात्र तुम्ही स्वतः जाऊन द्या.