मक्याचा भाव नव्हे, क्विंटलचा खर्च बघा: मका उत्पादकांच्या चार प्रश्नांची उत्तरे

खरीप मक्याच्या सोंगणीच्या तोंडावर आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न इथे घेतले आहेत. परदेशी मका आपल्यापेक्षा स्वस्त कसा पडतो, आपला क्विंटलमागचा खर्च कमी कसा करायचा, ओला माल विकावा की वाळवावा, आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमुळे भाव टिकेल का. पहिले तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. चौथा प्रश्न बराचसा सरकारच्या हातात आहे, म्हणून त्याचे उत्तर लहान आहे.

प्रश्न : अमेरिका, ब्राझीलचा मका इतका स्वस्त कसा? तो आला तर आमच्या मक्याचे काय?

अमेरिकेत हेक्टरी सरासरी ११ टनांच्या आसपास मका निघतो, म्हणजे एकरी ४५ क्विंटल. आपली देशाची सरासरी हेक्टरी साडेतीन टनांच्या जवळपास, एकरी १४ क्विंटल. तिकडचा शेतकरी एकरी खर्च आपल्यापेक्षा कमी करतो असे नाही, उलट जास्तच करतो. पण तो खर्च ४५ क्विंटलवर वाटला जातो. शिवाय मिसिसिपी नदीतून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेने, माल बंदरापर्यंत जातो, आणि पाण्यावरची वाहतूक ट्रकपेक्षा फार स्वस्त पडते. पीक विम्याच्या हप्त्यात सरकारचा मोठा वाटा असतो, हेही विसरू नका.

ब्राझीलचे गणित वेगळे आहे. तिथला बहुतांश मका सोयाबीन काढल्यावर त्याच शेतात पेरलेले दुसरे पीक असते. जमिनीचा आणि यंत्रांचा बराचसा बोजा सोयाबीनने उचललेला असतो, त्यामुळे मक्यावर थोडाच येतो. मात्र माटो ग्रोसोसारख्या आतल्या भागातून बंदर खूप लांब आहे आणि कमावलेल्यातला बराच भाग ट्रकभाड्यात जातो. शेतात स्वस्त पिकलेला माल गिऱ्हाइकाच्या दारात स्वस्त राहीलच असे नाही. आपल्यालाही हे लागू आहे, फक्त आपल्या बाजूने.

आता आयातीचा हिशेब. समजा परदेशी मका आपल्या बंदरात टनाला २३० डॉलरला पोचला आणि डॉलर ८५ रुपये धरला. क्विंटलला १,९५५ रुपये झाले. मक्यावर मूळ आयात शुल्क ५० टक्के आहे, ते लावले की इतर आकार सोडून २,९३० च्या पुढे जातो. सुमारे ५ लाख टनांच्या सवलतीच्या कोट्यात शुल्क १५ टक्के, तेव्हा तोच माल साधारण २,२५० ला पडतो. शुल्कच नसेल तर १,९५५. डॉलर किंवा जागतिक भाव बदलला की तिन्ही आकडे हलतात, पण त्यांच्यातले अंतर लक्षात ठेवा. जनुकीय बदल केलेला म्हणजे जीएम मका आपल्याकडे पेरायलाही परवानगी नाही आणि आणायलाही नाही. अमेरिकेतला ९० टक्क्यांहून जास्त मका जीएम आहे, म्हणून आजवर आपल्याकडे माल आला तो मुख्यतः म्यानमार आणि युक्रेनमधून.

बंदराजवळच्या कोंबडी-पशुखाद्य कारखान्याला परदेशी मका सोयीचा पडू शकतो. आत तीनशे-चारशे किलोमीटरवरच्या कारखान्याला त्यावर ट्रकभाडे भरावे लागते. ते भाडे म्हणजे तुमचे संरक्षण, आणि ते कुठल्याही अधिसूचनेने जात नाही. शुल्क मात्र एका अधिसूचनेने बदलते, त्याच्या भरवशावर पिकाचे नियोजन करू नये.

प्रश्न : आमचा खर्च क्विंटलला १,९०० च्या पुढे जातो. कुठे कात्री लावू?

२०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव २,४०० रुपये ठरला. तो ठरवताना देशपातळीवर धरलेला खर्च, घरच्यांच्या मजुरीसह, १,५०८ रुपये होता. तुमचा खर्च १,९०० असेल तर बहुतेक वेळा दोष एकरी खर्चात नसतो, उताऱ्यात म्हणजे एकरी उत्पादनात असतो.

मांडून बघा. समजा नांगरणी, बियाणे, खत, तणनाशक, फवारणी, पाणी मिळून एकरी २४,००० रुपये लागले. कणसे खुडणे, मळणी, बारदाना, हमाली, गाडीभाडे हा क्विंटलमागे लागणारा खर्च ३५० रुपये. १५ क्विंटल पिकले तर १,६०० अधिक ३५०, म्हणजे १,९५०. आता एकरी अडीच हजार जास्त घाला आणि २५ क्विंटल काढा: २६,५०० भागिले २५ म्हणजे १,०६०, अधिक ३५०, एकूण १,४१०. खर्च वाढला आणि क्विंटल ५४० रुपयांनी स्वस्त झाला. कात्री एकरी खर्चाला लावायला गेलात तर बहुधा उलटे होते.

दहा क्विंटलची ही तूट कुठे पडते? सर्वात आधी झाडांच्या संख्येत. ६० बाय २० सेंटिमीटरवर एकरी ३३,००० झाडे बसतात. प्रत्यक्षात अनेक शेतांत २४,०००-२५,००० च सापडतात आणि मालकाला पत्ता नसतो, कारण मक्याचे शेत लांबून भरलेलेच दिसते. उगवणीनंतर १५ दिवसांनी एका ओळीत १० मीटर दोरी लावा आणि झाडे मोजा. असे शेताच्या पाच ठिकाणी करा. ५० हवीत, ४५ आली तर एकरी ३०,०००, ३६ आली तर २४,०००. चोवीस हजार झाडांना प्रत्येकी ९० ग्रॅम दाण्याचे कणीस धरले तर साडेएकवीस क्विंटल. तीस हजारांना गर्दीमुळे कणीस थोडे लहान, ८५ ग्रॅम धरले तरी साडेपंचवीस. या चार क्विंटलसाठी लागते ते एकरी ८ किलो बियाणे, ४-५ सेंटिमीटर खोली आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने बी सात-आठ सेंटिमीटर खाली गेले की उगवण विरळ होते. दोन झाडे एकाच ठिकाणी उगवली तर विरळणी करा. नांगे भरणे, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकणे, मात्र आठवड्याच्या आत जमले तरच करा. उशिरा लावलेले झाड मोठ्यांच्या सावलीत राहते, खत खाते आणि कणीस देत नाही.

दुसरी तूट नत्राच्या वेळेत. हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र, स्फुरद, पालाश) ही शिफारस एकरात उतरवली तर डीएपीची (नत्र आणि स्फुरद देणारे खत) एक ५० किलोची गोणी, म्युरेट ऑफ पोटॅश २५ ते २७ किलो आणि युरिया साधारण ८५ किलो. पेरणीला डीएपी, पोटॅश आणि १५ किलो युरिया. ३० दिवसांनी ३५ किलो, ४५ दिवसांच्या आसपास, तुरा निघण्याआधी, आणखी ३५ किलो. सगळा युरिया पेरणीला किंवा एकाच वेळी दिला तर खरिपाच्या पावसात त्यातला बराच वाहून किंवा खाली झिरपून जातो, आणि कणीस भरताना झाडाची खालची पाने टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडतात. एक क्विंटल मका पिकायला दोन ते अडीच किलो नत्र लागते आणि ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत पावणेएकवीस किलो असते. गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे, म्हणजे हमीभावाने जेमतेम ११ किलो मका. शेवटचा हप्ता वाचवण्यात काही हशील नाही.

कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे दिसले तर जस्ताची कमतरता समजा. एकरी १० किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्या, पण डीएपीत मिसळून नको. स्फुरदाशी बांधले गेले की ते झाडाला मिळत नाही.

तिसरी तूट पाण्याची, आणि खरिपात ती कमी पाण्याइतकीच जास्त पाण्यानेही होते. काळ्या जमिनीत रोप गुडघ्याएवढे होण्याआधी दोन दिवस पाणी साचले की मुळे गुदमरतात आणि पीक पुन्हा तसे उभे राहत नाही. सपाट पेरण्याऐवजी सरी-वरंबा किंवा रुंद वरंबा-सरीवर पेरा. उलट, तुरा येणे आणि कणसाला केसर फुटणे या दोन आठवड्यांत पावसाने ओढ दिली तर हाताशी असलेले एकमेव पाणी तेव्हाच वापरा. तुऱ्यातून परागकण गळून गेल्यावर केसर आले तर कणसाचा शेंडा रिकामा राहतो, आणि नंतर कितीही पाणी दिले तरी तो भरत नाही.

अमेरिकन लष्करी अळीवर पैसे जातात ते औषधापेक्षा उशिरामुळे. २०१८ मध्ये ही अळी देशात आल्यापासून फवारण्यांची संख्या वाढली, परिणाम त्या मानाने वाढला नाही. अळी मोठी होऊन पोंग्यात, म्हणजे झाडाच्या शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, शिरली की तिच्याच विष्ठेचा बोळा वर बसतो आणि औषध आत पोचत नाही. पानांवर खिडकीसारखे पांढरे चट्टे दिसताच, अळी लहान असताना, क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी ४ मिली किंवा इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी ४ ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यात घेऊन फवारा. नोझल पोंग्यावर धरून, संध्याकाळी. पुढची फवारणी लागली तर औषध बदला. एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) फवारणीची वेळ कळण्यासाठी लावा, ते अळीचा बंदोबस्त करत नाहीत.

प्रश्न : व्यापारी ओल्या मालाला कपात करतो. ती बरोबर आहे की लूट? वाळवून विकलेला बरा का?

कपात होणारच, किती हे तुम्हाला काढता आले पाहिजे. १४ टक्के ओलावा हा व्यवहाराचा पाया. १०० मधून तुमच्या मालाचा ओलावा वजा करा आणि ८६ ने भागा. २० टक्क्यांचा एक क्विंटल माल वाळून ९३ किलो राहतो, २२ टक्क्यांचा ९०.७ किलो, २५ टक्क्यांचा ८७ किलो. हे पाणी आहे, त्याचे पैसे कुणी देणार नाही.

समजा कोरड्या मक्याला २,२०० भाव आहे आणि तुमचा माल २२ टक्क्यांचा आहे. त्याचा न्याय्य भाव २,२०० गुणिले ०.९०७, म्हणजे १,९९५. व्यापारी १,९०० देत असेल तर ९५ रुपये त्याने वाळवणी, तूट आणि जोखमीचे धरले आहेत. दहा क्विंटल ओला विकून १९,००० मिळतील, वाळवून ९.०७ क्विंटलचे १९,९५० च्या वर. तुमची वाळवायची मजुरी आणि दुसऱ्यांदा भरणी ९५० रुपयांच्या आत बसत असेल आणि आकाश मोकळे असेल तर वाळवा. ढगाळ असेल तर विकून मोकळे व्हा. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात खळ्यावर भिजलेल्या मक्याची किंमत कुठल्याच सूत्रात बसत नाही.

घाईचे नुकसान मळणीतही होते. दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसला म्हणजे दाणा पक्व झाला, पण तेव्हा ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास असतो. तसाच थ्रेशरला घातला तर दाणे चेचतात आणि फुटतात. कणसे सोलून, पसरून १८-२० टक्क्यांच्या खाली आणून मगच मळा. फुटलेल्या दाण्यातून बुरशी शिरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होते. कोंबडी खाद्यासाठी त्याची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. एकदा तयार झालेले हे विष नंतर उन्हात वाळवून जात नाही, आणि खाद्य कारखान्याने गाडी परत पाठवली की दोन्ही बाजूंचे भाडे तुमच्या माथी. मातीच्या खळ्याऐवजी ताडपत्रीवर, ५-७ सेंटिमीटर थरात, दिवसातून चार-पाचदा हलवत वाळवा. दिवसा तापलेला ढीग संध्याकाळी लगेच झाकू नका, आतून घाम सुटतो. आधी निवू द्या.

ओलावामापक नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मका आणि दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून नीट हलवा, पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. नेमका आकडा यातून कळत नाही, पण पोती भरायची की नाही ते कळते. महिनाभराहून जास्त ठेवायचा असेल तर १२ टक्क्यांपर्यंत आणा.

ठेवण्याचा खर्चही मोजा. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत वर्षाला ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी कर्ज मिळते. क्विंटलवर १,६०० उचलले तर व्याज महिन्याला ८ रुपये. व्याजापेक्षा कीड आणि वेळ महाग पडतात. एप्रिल-मेमध्ये बिहारचा रब्बी मका बाजारात उतरतो आणि रेल्वेने दक्षिणेतल्या खाद्य कारखान्यांपर्यंत जातो. खरिपाचा माल मार्चच्या पुढे धरून ठेवणे म्हणजे त्या आवकेसमोर उभे राहणे. हा सल्ला अनेकांना आवडत नाही, पण मार्चअखेर माल हलवावा.

कारखाना ट्रकभर एकसारख्या ओलाव्याच्या मालाला दर देतो. दहा जणांचा दहा तऱ्हेचा माल एका गाडीत गेला की सर्वात ओल्या पोत्याचा भाव सगळ्यांना लागतो. परदेशी विक्रेता हजारो टनांच्या जहाजाला एकच प्रमाणपत्र देतो आणि खरेदीदाराला ते सोपे पडते. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीने गावात एक ओलावामापक ठेवून पोती १४ च्या आतली आणि बाहेरची अशी दोन ढिगांत वेगळी केली, तरी बरेच साधते.

प्रश्न : इथेनॉलमुळे मक्याला मागणी आहे म्हणतात, मग भाव का पडतो?

एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघते. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा खरेदी दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे झाला, म्हणजे क्विंटलमागे सुमारे २,७३० रुपये, वर राहिलेला चोथा पशुखाद्याला जातो. यातून इंधन, विकरे (एन्झाइम), व्याज वजा करून डिस्टिलरी, म्हणजे इथेनॉलचा कारखाना, मक्याला भाव देते. त्यामुळे मक्याचा भाव वाढला आणि २०२३-२४ मध्ये निर्यात घटून साधारण १४ लाख टनांवर आली, जी आदल्या वर्षी सुमारे ३५ लाख टन होती. पण डिस्टिलरी धान्य बदलू शकते. जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी २,२५० रुपये क्विंटलने द्यायचे ठरले, आणि तांदळातून क्विंटलमागे मक्यापेक्षा जास्त लिटर निघतात. तेव्हापासून मक्याच्या भावाला सरकारी गोदामातल्या तांदळाचे झाकण आहे. पेरणीपूर्वी हमीभावाच्या बातमीबरोबर या तांदळाचा दर आणि कोटाही बघत जा. आणि नफ्याचा हिशेब २,४०० धरून करू नका, २,००० धरून करा. त्या भावातही पीक परवडत असेल तरच मक्याखालचे क्षेत्र वाढवा.