चार्टर शाळेला जाब कोण विचारतो?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, जर्सी सिटीला राहतो. लॉटरीत नंबर लागला म्हणून मुलगी किंडरगार्टनपासून चार्टर शाळेत आहे, आता दुसरीत गेली. फी नाही, शाळा सरकारी पैशावर चालते, पण शहराच्या शाळाखात्याच्या हाताखाली नाही. यंदा शाळेच्या सनदेचं, म्हणजे शाळा चालवायच्या परवान्याचं (हाच तो ‘चार्टर’), नूतनीकरण आहे, असं पत्र घरी आलंय. शेजारच्या काकू म्हणतात, ‘‘या शाळांना विचारणारं कुणी नाही.’’ खरंच नाही का? आणि आमची शाळा चांगली आहे की नाही, हे मी कशावरून ओळखू?
– एक आई, जर्सी सिटी

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला वडिलांच्या शाळेतलं शेरेबुक आठवलं. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ते हेडमास्तर होते. दिपोटी साहेब तपासणीला आले की हजेरीपटावरची नावं आणि समोर बसलेली मुलं ताडून पाहायचे, पाढे म्हणून घ्यायचे आणि निघताना शेरेबुकात चार ओळी लिहायचे. शेरा वाईट आला म्हणून आमची शाळा कधी बंद झाली नाही. पुढे इथे न्यू जर्सीत एका चार्टर शाळेच्या विश्वस्त मंडळावर मी सहा वर्षं काम केलं. इथे मात्र शेरा वाईट आला, तर शाळेला कुलूप लागू शकतं.

तेव्हा काकूंना सांगा, विचारणारं आहे. न्यू जर्सीचा चार्टर शाळांचा कायदा १९९५चा, आणि पहिल्या शाळा १९९७ साली उघडल्या. सौदा असा आहे : शिक्षक कोण नेमायचे, दिवस किती तासांचा, गणित कसं शिकवायचं, हे शाळेचं मंडळ ठरवणार. त्याच्या बदल्यात सनद मुदतीची. पहिली चार वर्षांची, नंतर दर खेपेला पाच वर्षांची. सनद देणारा आणि काढून घेणारा एकच, राज्याचा शिक्षण आयुक्त. मधल्या काळातही तो शाळेला प्रोबेशनवर, म्हणजे सुधारण्याच्या अटीवर देखरेखीखाली, टाकू शकतो.

नूतनीकरणाच्या वेळी तीन गोष्टी तपासल्या जातात : मुलं शिकली का, पैसा नीट वापरला का, कायदा पाळला का. दरवर्षी बाहेरच्या हिशेबनीसाकडून ऑडिट होतं, उन्हाळ्यात वार्षिक अहवाल जातो, विश्वस्तांना आपले आर्थिक हितसंबंध लेखी जाहीर करावे लागतात. आमच्या मंडळात पैशाच्या चर्चेला सर्वांत जास्त वेळ जायचा : हातातली रोकड किती दिवस पुरेल, पट ठरल्याइतका भरला का. मुलं कमी आली की पैसे कमी येतात, आणि पगार तर द्यावेच लागतात.

मुलांच्या शिकण्याचं मोजमाप जास्त नाजूक आहे. तिसरी ते आठवीपर्यंत इंग्रजी आणि गणिताची राज्याची परीक्षा असते. ‘अमुक टक्के मुलं पास’ एवढा एकच आकडा बघून शाळा जोखू नका. त्या आकड्यात घरची परिस्थितीही मिसळलेली असते. राज्याच्या वार्षिक शाळा-अहवालात ‘ग्रोथ’चा आकडा असतो, तो शोधा. गेल्या वर्षीपर्यंत ज्यांचे गुण एखाद्या मुलासारखेच होते, अशा राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत ते मूल यंदा किती पुढे गेलं, हे तो सांगतो. साधारण चाळीस ते साठच्या मधला आकडा म्हणजे नेहमीची प्रगती. मागे पडलेली मुलं घेऊन त्यांना पुढे नेणारी शाळा मला नव्वद टक्के निकालाच्या शाळेपेक्षा मोठी वाटते. त्याच अहवालात दीर्घ गैरहजेरीही असते : शाळेचे दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती. मूल शाळेत यायलाच कंटाळत असेल, तर ते तिथे आधी दिसतं.

आता मनात सलणारी एक गोष्ट. माझ्या विश्वस्तपणाच्या चौथ्या वर्षी आमचे निकाल झपकन वर गेले. मंडळाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. महिन्याभराने एक आई सभेत उभी राहिली. मुलाला विशेष शिक्षणाची गरज होती. ‘‘इथे त्याला जमणार नाही, शहराच्या शाळेत जास्त सोयी आहेत,’’ असं तिला तीनदा सुचवलं गेलं, शेवटी तिने त्याचं नाव काढलं. मी इयत्तेवार पट मागवला. तिसरीत जितकी मुलं होती, त्याच वर्गात पाचवीला बरीच कमी उरली होती, आणि रिकाम्या जागा भरल्याच नव्हत्या. बाहेर प्रतीक्षा यादी मात्र लांबलचक होती. कायद्याप्रमाणे चार्टर शाळेच्या पटात त्या गावातल्या सर्व तऱ्हेची मुलं शक्य तितकी यायला हवीत. आमचा निकाल चढला, त्यात शिकवण्याचा वाटा किती आणि गेलेल्या मुलांचा किती, हे मंडळात कुणालाच सांगता येईना. तो पट मी पहिल्या वर्षीच मागायला हवा होता. आयुक्तांचं कार्यालय कागद तपासतं, भेटही देतं; पण तिथल्या माणसाला त्या आईचं घर ठाऊक नसतं.

म्हणून यंदा तुम्ही हे करा. विश्वस्तांच्या सभा कायद्याने खुल्या असतात. जा, आणि लोकांना बोलायची वेळ आली की इयत्तेवार पट, वर्षभरात किती मुलं सोडून गेली आणि विशेष गरजांची मुलं किती, हे विचारा. तोंडी उत्तर टाळलं तर लेखी मागा. चार्टर शाळेची कागदपत्रं सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली येतात. तक्रार असेल तर प्रत्येक शाळेत पालक आणि शिक्षकांनी निवडलेली तक्रार समिती असायलाच हवी. तिची शिफारस मंडळावर बंधनकारक नसते, तरी नोंद राहते. मंडळाच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर तीच तक्रार थेट आयुक्तांकडे नेता येते आणि त्यांना चौकशी करून उत्तर द्यावं लागतं.

आणि मला एक कळवा : तुमच्या मुलीच्या किंडरगार्टनच्या वर्गात किती मुलं होती, आणि त्यांतली किती आज दुसरीत तिच्याबरोबर आहेत?