घरबसल्या नोकरीची लाईन सांगा, असं विचारलंत म्हणून

ताई, नमस्कार.

सिडकोतून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लेखी परीक्षेत चांगले मार्क, पण दोन विषयांच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गेलाच नाही. आता कॉलेज सोडून मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यायची म्हणतो. नातेवाईक त्याला घुमा म्हणतात.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. शेअर रिक्षात ‘दादा, इथे थांबवा’ म्हणता येत नाही, म्हणून तो त्रिमूर्ती चौकाऐवजी पवननगरला, बाकीचे उतरतील तिथे उतरतो आणि चालत मागे येतो. हा नुसता लाजाळूपणा वाटत नाही. लाजरं मूल थोड्या वेळाने रुळतं. चारचौघांत आपलं हसं होईल या धास्तीने छाती धडधडते, घाम फुटतो, आवाज कापतो, आणि सहा महिन्यांहून जास्त काळ माणूस असे प्रसंग टाळत राहतो, तेव्हा डॉक्टर सोशल अँग्झायटी डिसऑर्डरचा विचार करतात. बहुतेकदा याची सुरुवात शाळकरी वयातच होते. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञच करतील, मी नाही.

मुक्त विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे, चांगलं आहे. पण भीतीपायी तिकडे जाऊ नका. टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते. शिवाय घरून करायच्या नोकरीलाही मुलाखत असते, बऱ्याच कंपन्यांत रोज सकाळी टीमचा कॉल असतो. ‘कॅमेरा ऑन करा’ म्हटल्यावर तो काय करणार?

म्हणून लाईन नंतर, आधी उपचार. यावर सीबीटी, म्हणजे बोलून आणि सराव करून विचार-वागणं बदलायची उपचारपद्धत, चांगली लागू पडते. त्यात समुपदेशक भीतीच्या पायऱ्या पाडतात. आधी दुकानात नुसता भाव विचारायचा, मग अनोळखी नंबरवर चौकशीचा फोन, मग वर्गात एक प्रश्न. कधी डॉक्टर गोळ्याही देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. कुठे जावं सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जगण्यात अर्थ नाही असं तो कधी बोललाच, तर एक दिवसही थांबू नका.

कॉलेजात वर्गशिक्षकांना भेटून व्हायवात त्याचा नंबर पहिला लावता येईल का, विचारा. दाराबाहेर दोन तास ताटकळणं हा अर्धा त्रास असतो.

आता थोडं कडू. त्याचे फोन तुम्ही करता, दुकानात तुम्ही बोलता, पाहुणे आले की त्याचं ताट आत नेऊन देता. मायेपोटीच, पण त्याने भीतीचं फावतं. सगळं एकदम बंद करू नका, समुपदेशकांना विचारून एकेक सोडा.

हे पत्रही तुम्हीच लिहिलंत. पुढचं त्याला लिहू द्या. दोन ओळींचं असलं तरी चालेल.