सरांना बाहेर काढलं, पण सर गेलेच नाहीत

प्रश्न : मी नागपूरला बी.पी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजकडून बेसबॉल खेळले, आता शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत अंपायरिंग करते. मागच्या महिन्यात एका सामन्यात मी प्लेटमागे, म्हणजे कॅचरच्या मागे उभी राहून बॉल-स्ट्राइक देत होते. एका संघाचे सर दुसऱ्या इनिंगपासून बेंचवरून बोलत होते, मी दुर्लक्ष केलं. सहाव्या इनिंगला एका खालच्या चेंडूवर मी तिसरा स्ट्राइक दिला, तेव्हा ते थेट प्लेटपर्यंत आले. मी हातानं झोन, म्हणजे चेंडू कुठून कुठपर्यंत स्ट्राइक धरतात ते, दाखवून समजावलं. ते म्हणाले, 'तू विकली गेलीस.' मी त्यांना बाहेर काढलं. ते गेले नाहीत, पोरांना घेऊन माउंडजवळ (पिचरच्या उंचवट्याजवळ) बसले. वीस-पंचवीस मिनिटांनी आयोजक म्हणाले, 'जाऊ द्या मॅडम, सुरू करा.' सर बेंचवरच राहिले. त्यानंतर मला बोलावणं नाही. शाळेत मला हा खेळ शिकवणारे तेच सर. माझं चुकलं का? यात पुढे काही आहे का? घरचे म्हणतात, नाद सोड.

उत्तर : बाहेर काढण्यात तुझं चुकलं नाही. पंचाच्या प्रामाणिकपणावर आरोप झाला की वॉर्निंगची गरजच उरत नाही. निर्णयावर हुज्जत घालणाऱ्या किंवा अखिलाडू वागणाऱ्या खेळाडूला, प्रशिक्षकाला किंवा मॅनेजरला बाहेर काढायचा अधिकार बेसबॉलचा अधिकृत नियम ८.०१ प्रत्येक अंपायरला देतो, बेसवरच्या अंपायरलासुद्धा. सामना हातून गेला तो त्या निर्णयाच्या आधीच्या चार इनिंगमध्ये आणि नंतरच्या पंचवीस मिनिटांत. या दोन्ही गोष्टी शिकता येतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी नियम बघ. बॉल की स्ट्राइक, फेअर की फाउल, सेफ की आउट हे डोळ्यांनी ठरवायचे निर्णय आहेत आणि नियम ८.०२ प्रमाणे ते अंतिम असतात. बॉल-स्ट्राइकवर हुज्जत घालायला कुणी जागा सोडून निघालं तर त्याला वॉर्निंग द्यायची, तरी आला तर बाहेर काढायचं, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे सर बेंच सोडून निघाले त्याच क्षणी तुझ्या तोंडून वॉर्निंग यायला हवी होती. तू झोन समजावायला लागलीस आणि जी चर्चा नियमात बसतच नाही तिला दार उघडून दिलंस. एकदा हातानं झोन दाखवलास की समोरचा म्हणणार, मग मघाचा चेंडू कुठं होता? याला उत्तर नसतं.

नियमाच्या अर्थाबद्दलची शंका मात्र वेगळी. इनफिल्ड फ्लाय (जवळच्या उंच झेलावर बॅटर आपोआप आउट) लागू होतो का, बॉकनंतर (पिचरच्या नियमबाह्य हालचालीनंतर) रनर किती बेस पुढे जातात, अशा गोष्टी मॅनेजर विचारू शकतो आणि त्या शांतपणे ऐकाव्याच लागतात. अडलंच तर नियमपुस्तक उघडायला लाजू नकोस. गुंता सोडवायला दहा मिनिटं गेलेली परवडतात, प्रोटेस्टमुळे (नियम चुकीचा लावल्याच्या तक्रारीमुळे) सामना पुन्हा खेळवणं परवडत नाही. ही सूचना पंचांसाठी नियमपुस्तकातच दिलेली आहे.

आता दुर्लक्षाबद्दल. बेंचवरून येणारा प्रत्येक शब्द ऐकायचा नसतो, हे तू बरोबर शिकलीस. पण दुर्लक्ष ही फक्त पहिली पायरी आहे. तेच तेच बोलणं दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलं की ऐकल्याची पोच द्यायची: 'सर, ऐकलं मी.' एवढंच, आवाज न चढवता आणि शक्यतो दोन चेंडूंच्या मधल्या वेळात. त्यानंतरही चालू राहिलं तर वॉर्निंग: 'सर, स्ट्राइकवर आता बोलायचं नाही. ही वॉर्निंग.' त्यानंतर बाहेर. तू पहिल्या पायरीवर चार इनिंग थांबलीस आणि एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारलीस. बघणाऱ्यांना मधलं काहीच दिसलं नाही, म्हणून आयोजकांना तो निर्णय रागाचा वाटला.

कुठल्या शब्दाला काय वजन द्यायचं, याची एक सोपी कसोटी आहे. बोलणं चेंडूबद्दल आहे की तुझ्याबद्दल? 'खाली होता ना तो!' हे चेंडूबद्दल झालं, सोडून दे. 'दिसत नाही का बे?' हे नागपुरातल्या कुठल्याही मैदानावर ऐकू येणार. एकदा आलं तर सोड, पुन्हा आलं तर पोच दे. 'तू एका बाजूनं देतेस', 'विकली गेलीस', आईबहिणीवरून शिवी, जातीवरून किंवा बाईपणावरून बोलणं, अंगावर येणं, धक्का देणं, निर्णयावर चिडून बॅट किंवा हेल्मेट फेकणं, बॅटनं मातीत रेघ ओढून चेंडू कुठून गेला ते दाखवणं: यांत पायऱ्या चढत बसायचं नाही. थेट बाहेर.

कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल कार्ड असतं, त्यामुळे ताकीद सगळ्या मैदानाला दिसते. बेसबॉलमध्ये कार्ड नाही. म्हणून वॉर्निंग दिसेल अशी द्यावी लागते. 'टाइम' म्हण, डाव्या हातानं मास्क काढ, बेंचच्या दिशेनं दोन-चार पावलं टाक, त्याहून पुढे नको. तळहात छातीच्या उंचीला समोर धर आणि जोडीदार अंपायर व स्कोअररला ऐकू जाईल इतक्या आवाजात एकच वाक्य बोल. मग लगेच पाठ फिरव. खिशातल्या लाइनअप कार्डावर (संघाच्या खेळाडूंच्या यादीवर) इनिंग लिहून ठेव. पुढे कुणी विचारलं तर ही नोंद तुझ्या बाजूनं बोलते.

तुझ्या पत्रातली आणखी एक गोष्ट नजरेत भरली: 'खालच्या चेंडूवर, सहाव्या इनिंगला.' झोनची खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखालच्या खोबणीपर्यंत असते आणि चेंडू प्लेटवरून जाताना कुठं होता ते बघायचं असतं. खाली पडणारा कर्व्ह (वळणारा चेंडू) गुडघ्यावरून जातो आणि कॅचर तो घोट्यापाशी पकडतो. बेंचला फक्त कॅचरचा ग्लोव्ह दिसतो. प्लेट १७ इंच रुंद. चेंडू तिच्या आत होता की बाहेर हे बाजूच्या बेंचवरून कळतच नाही, पण उंची थोडीफार कळते. म्हणून तक्रारी बहुतेक उंचीवरूनच येतात. नऊ इनिंगच्या सामन्यात प्लेट अंपायर साधारण अडीचशे ते तीनशे चेंडूंना वाकतो. सहाव्या इनिंगपर्यंत मांड्या भरून येतात, डोकं कधी वर कधी खाली राहतं आणि झोन नकळत सरकतो. बॅटर आणि कॅचरच्या मधल्या फटीत उभी राहा, हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या कडेला ठेव, डोकं स्थिर ठेवून फक्त डोळे चेंडूबरोबर ने, चेंडू ग्लोव्हमध्ये गेल्यावर क्षणभर थांब आणि मगच निर्णय दे. घाईनं दिलेला बरोबर निर्णयही चुकीचा वाटतो. पहिल्या इनिंगला जो खालचा चेंडू स्ट्राइक होता तो सहाव्यालाही स्ट्राइकच राहिला, तर बेंच कुरकुरेल, पण उठून येणार नाही.

कॅचरशी मात्र जमवून घे. त्यानं मागे वळून बोलायचं नाही, पुढे तोंड ठेवून हळू आवाजात विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्यायचं. त्याला चेंडू लागला तर पिचरकडे पाठ करून प्लेट झाडायला जा आणि सावकाश झाड. त्याला दम घ्यायला वेळ मिळतो. असा कॅचर पुढे स्वतःच्याच बेंचला गप्प करतो.

बाहेर काढताना खेळ चालू असेल तर तो संपू दे. चालू खेळात दिलेली हकालपट्टी तो खेळ पूर्ण थांबल्यावरच लागू होते. 'टाइम' घे, एकदाच स्पष्ट हात कर आणि म्हण: 'सर, तुम्ही सामन्यातून बाहेर.' हातवारे मोठे नकोत, आवाज फाटू देऊ नकोस आणि कारणाचं भाषण देऊ नकोस. मग वळून दहा-पंधरा पावलं दूर जा. इथून काम जोडीदाराचं. त्यानं मध्ये येऊन सरांना सोबत घेऊन बाहेरच्या दिशेनं चालायचं. सरांना अर्धा मिनिट मनातलं बोलू द्यायचं, तुझ्यापर्यंत परत येऊ द्यायचं नाही. तुझ्या सामन्यात जोडीदार बेसपाशीच उभा राहिला असणार, कारण आधी काही ठरलेलं नव्हतं. सामन्याआधीच्या पाच मिनिटांत एकमेकांच्या जागा बदलण्याचे सिग्नल आणि कोण कुठला बेस बघणार हे ठरवता, तसंच 'एकानं बाहेर काढलं तर दुसरा मध्ये येईल' हेही ठरवून घ्या.

बाहेर काढलेल्या माणसाला बेंचमागे खुर्ची टाकून बसता येत नाही. ड्रेसिंग रूममध्ये राहायचं, किंवा कपडे बदलून मैदान सोडायचं, किंवा बेंचपासून लांब प्रेक्षकांत बसायचं. आपल्याकडे अनेक मैदानांवर डगआउट म्हणजे मंडपाखाली मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि प्रेक्षक अगदी पाठीला पाठ लावून, त्यामुळे 'लांब' म्हणजे कुठं हे सामन्याआधीच्या प्लेट मीटिंगमध्येच ठरवावं लागतं. लाइनअप कार्डं घेताना दोन्ही सरांना सांग: बेंचची हद्द या चुन्याच्या रेघेपर्यंत, मैदानावर बोलायला एकच जण येणार आणि बाहेर गेलेला त्या गेटपलीकडे. झाड, भिंत, नाली यांचे ग्राउंड रूल्सही (चेंडू तिथं गेला तर काय धरायचं ते) तेव्हाच.

आणि तरी गेले नाहीत तर? घड्याळाकडे बघ, सहायक प्रशिक्षकाला बोलव आणि सांग: 'दोन मिनिटांत सर बाहेर नाही गेले तर सामना समोरच्यांना बहाल होईल.' त्याच वेळी जोडीदारानं आयोजकांना किंवा तांत्रिक समितीला बोलवावं. हकालपट्टीचा आदेश वाजवी वेळेत पाळला नाही किंवा संघानं खेळायला नकार दिला, तर सामना बहाल करण्याचा अधिकार मुख्य पंचाला आहे. अधिकृत नियमांत त्याची धावसंख्या ९-० असते. सात इनिंगच्या स्पर्धेत नियमपत्रिका आधी बघून ठेव. पंचवीस मिनिटं ताटकळल्यावर हा अधिकार नावापुरता उरतो. खेळाडूला बाहेर काढण्याआधी लाइनअपमधले राखीव मोज. संघाकडे नऊच असतील तर एकाला काढल्यावर सामना तिथंच संपतो. त्यासाठी हात आखडायचा नाही, पण पुढे काय होणार हे तुला आधी माहीत हवं.

आयोजकांचं 'जाऊ द्या मॅडम' तू मान्य केलंस, तिथं मात्र चुकलं. तुला म्हणता आलं असतं: 'सामना पुढे न्यायचा असेल तर सर बाहेर हवेत, नाहीतर मी प्लेटवर उभी राहणार नाही. सर बेंचवरच हवे असतील तर तसं लेखी द्या.' लेखी मागितलं की बहुतेक आयोजक तोडगा काढतात.

शाळेतल्या सरांना बाहेर काढणं किती जड गेलं असेल ते समजतं. त्यांना भेटशील तेव्हा वाकून नमस्कार कर, त्यात काही गैर नाही. पण ज्यांनी तुला शिकवलं त्यांच्या संघाचा सामना स्वीकारण्याआधी आयोजकांना सांगायला हवं होतं. आपल्या कॉलेजच्या सामन्यालाही उभी राहू नकोस. अमेरिकेत बॉबी कॉक्स या मॅनेजरला मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेत, दीडशेहून जास्त वेळा बाहेर काढलं गेलं, तरी ते हॉल ऑफ फेममध्ये आहेत. तिथं तो त्या दिवसापुरता निर्णय असतो. सरांनाही तो तसाच वाटावा, यासाठी मनात डूख न धरता तुलाच पुढे व्हावं लागेल.

अहवाल दिलास का, हे पत्रात नाही. नियमाप्रमाणे हकालपट्टीची माहिती सामना संपल्यापासून १२ तासांत द्यायची, शिवीगाळ किंवा मारहाण असेल तर ४ तासांत. राहिला असेल तर आजच दे आणि उशीर झाल्याचं त्यात नमूद कर. तारीख, मैदान, इनिंग, धावसंख्या, आउट किती, बेसवर कोण, काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक) काय, कुणी कुठून काय म्हटलं ते शब्दशः. शिवी असेल तर शिवीच लिही, 'अपशब्द वापरले' असं नको. 'उद्धट', 'मुद्दाम' असली विशेषणं नकोत, शिक्षा काय व्हावी हेही सुचवायचं नाही. एका पानात बसव, जोडीदाराचा अहवाल वेगळा. एक प्रत जिल्हा संघटनेकडे आणि एक आयोजकांकडे गेली की तुझ्याबद्दलची चर्चा ऐकीव गोष्टींवर राहत नाही. बोलावणं परत सुरू व्हायचा हाच सर्वांत सरळ मार्ग आहे.

आता भवितव्य. भारतात फक्त बेसबॉल अंपायरिंगवर घर चालत नाही. सामन्याचं मानधन, प्रवास आणि राहण्याची सोय एवढंच मिळतं. म्हणून बी.पी.एड. पूर्ण कर, शारीरिक शिक्षणाची नोकरी हा पाया ठेव आणि अंपायरिंग त्याच्या जोडीनं वाढव. सॉफ्टबॉलचंही अंपायरिंग शिक. उभं राहणं, वेळ साधणं, माणसं हाताळणं तेच, आणि आपल्या शाळांमध्ये सामने मिळायची शक्यता वाढते. वाट जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि मग २०१३ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक बेसबॉल सॉफ्टबॉल महासंघाकडे जाते. हे दोन्ही खेळ २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहेत, तेव्हा शिबिरांकडे लक्ष ठेव. घरच्यांना हेही सांग की ९ ऑगस्ट २०२५ला जेन पावोल मेजर लीगच्या हंगामात अंपायरिंग करणारी पहिली महिला ठरली, आणि त्याआधी २०१६पासून ती मायनर लीगमध्ये राबत होती.

पुढचे दोन महिने आठवड्यातून दोनदा पिचर सराव करत असतील तिथं कॅचरमागे उभी राहून शंभर-शंभर चेंडू मोठ्यानं सांग. थकल्यावरचे शेवटचे तीस मोबाइलवर बाजूनं चित्रित करून घे, डोकं कुठं जातं ते दिसेल. शिवाय एखाद्या मैत्रिणीला प्रशिक्षक बनवून दोन मिनिटं भांडायला लाव आणि 'ऐकलं मी', 'ही वॉर्निंग', 'तुम्ही बाहेर' ही तीनच वाक्यं वापरून तिला परत बेंचकडे पाठव. आवाज पोटातून आणि वेग सावकाश हवा. ते जमलं की शालेय गटाचा छोटा सामना माग, आणि जोडीदार म्हणून तुझ्याहून जुना अंपायर माग.