विमान ‘स्टॉल’ झालं म्हणजे इंजिन बंद पडलं का?

प्रश्न असा आहे: राईट बंधूंवरच्या एका मजकुरात ‘१४ डिसेंबर १९०३ रोजी विमान स्टॉल होऊन कोसळले’ असं वाक्य आहे. मराठीत ते ‘इंजिन बंद पडून कोसळले’ असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. चौकात गाडी स्टॉल होते तेव्हा तिचं इंजिन बंद पडतं, म्हणून ही गल्लत होते. विमानाच्या बाबतीत स्टॉल होतो तो पंखाचा. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन फार वाढला, साधारण १५ अंशांच्या पुढे गेला, की वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणारी हवा सुटते आणि पंखाची उचल एकदम घटते. इंजिन तेव्हा जोरात चालू असू शकतं. १८९६ साली जर्मन उड्डाणप्रयोगकर्ता ओटो लिलिएन्थाल ज्या ग्लायडरमधून स्टॉलमुळे पडला, त्याला तर इंजिनच नव्हतं.

आता १४ डिसेंबरची घटना पाहा. वारा मंद होता, म्हणून विमान ज्यावरून धावत सुटायचं तो ६० फुटी रूळ अमेरिकेतल्या किल डेव्हिल या वाळूच्या टेकडीच्या उतारावर मांडला होता. दोघा भावांपैकी विल्बर खालच्या पंखावर पालथा झोपून विमान चालवत होता. रूळ सुटताच त्याने पुढचं आडवं सुकाणू जास्त वळवलं. हे सुकाणू फार हळवं होतं. जरा हलवलं की नाक झपकन वर जाई. विमान सुमारे १५ फूट चढलं, वेग गेला आणि नाक वर असतानाच ते खाली बसू लागलं. डावा पंख आधी टेकला, विमान गर्रकन फिरलं, स्किड (चाकांऐवजी खाली असलेल्या घसरपट्ट्या) वाळूत रुतले आणि पुढच्या सुकाणूच्या काही काठ्या मोडल्या. सगळा प्रकार साडेतीन सेकंदांचा. विल्बरला काही झालं नाही. घरी पाठवलेल्या पत्रात त्याने दोष नाक घाईने वर घेण्याला दिला. इंजिनाची ताकद भरपूर आहे, असंही लिहिलं. दुरुस्ती करून १७ तारखेला तेच विमान उडालं.

म्हणून ‘कोसळले’सुद्धा मला इथे खटकतं. दरड कोसळते, पूल कोसळतो. त्यात उंची आणि चक्काचूर दोन्ही आले. इथे विमानाने अक्षरशः बसकण मारली. मी असं लिहीन: ‘नाक फार वर गेल्याने पंखांची उचल गेली (विमान स्टॉल झाले) आणि ते वाळूवर आदळले.’ पहिल्यांदा असा उलगडा केला की पुढे नुसतं ‘स्टॉल’ लिहायला हरकत नाही.

दोन्ही गोष्टी एकाच अपघातात येऊ शकतात, तिथे क्रम सांभाळायला हवा. इंजिन बंद पडलं तरी नाक खाली ठेवून विमान तरंगत उतरवता येतं. पण आणखी थोडं पुढचं शेत गाठावं म्हणून वैमानिक नाक वर ओढत राहिला, तर विमान स्टॉल होतं. जमीन जवळ असेल तर नाक खाली करून वेग परत मिळवायला उंचीच उरत नाही. अशा वेळी ‘इंजिन बंद पडले, नंतर विमान स्टॉल झाले’ अशी दोन क्रियापदं वेगळी लिहावीत.