वाचक विचारतात : चकमकीच्या पहिल्या रायफलीला नळी कोणती?

अमेरिकेत सुट्या भागांतून ठासणीची (तोंडातून दारू-गोळी भरायची आणि चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने पेटणारी) रायफल जुळवणाऱ्या वाचकांनी नळीबद्दल विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. या कामातली सगळी मापं इंचांत चालतात, म्हणून इथेही इंचच ठेवले आहेत. नळी नामांकित कारागिराकडून तयार विकत घ्यायची आहे, हे प्रत्येक उत्तरात गृहीत धरलं आहे.

प्रश्न : पेनसिल्व्हेनिया धाटणीची लांब रायफल बनवायची आहे. मुख्यतः निशाणेबाजी, आणि हंगामात एखादं हरीण. कॅटलॉगमध्ये कॅलिबर, लांबी, शिवाय ए, बी, सी अशी अक्षरं. सुरुवात कुठून करू? (ओहायो)

कामापासून. नुसत्या कागदी निशाण्यासाठी .४० कॅलिबर (छिद्राचा व्यास, इंचांत) पुरतं, दारू आणि शिसं दोन्ही कमी लागतं. पण हरीण म्हटलं की गोळीचं वजन मोजावं लागतं. .४० च्या नळीत .३९० ची गोळी जाते, तिचं वजन साधारण ८९ ग्रेन (सुमारे पावणेसहा ग्रॅम). .४५ मध्ये .४४० ची, १२८ ग्रेन. .५० मध्ये .४९० ची, १७७ ग्रेन. .५४ मध्ये .५३० ची, २२४ ग्रेन. .४५ वरून .५४ वर गेलं तर छिद्राचा व्यास पाचव्या हिश्शानेच वाढतो, पण गोळी पाऊणपट जड होते. गोल गोळी हवेत वेग लवकर गमावते, त्यामुळे शिकारीत तिचं वजनच कामाला येतं. तुमच्या दोन्ही कामांना .५० घ्या. या मापाच्या गोळ्या, साचे आणि ठासायच्या गजाची टोकं सगळीकडे सहज मिळतात, आणि पहिल्या रायफलीला ही सोय लहान नाही.

शिकारीसाठी किमान कॅलिबर किती हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. पेनसिल्व्हेनियात तर नाताळानंतर चकमकीच्या बंदुकांचा वेगळाच हंगाम असतो. नळी मागवण्याआधी तुमच्या राज्याचे चालू नियम वाचा. रायफल पुरी झाल्यावर छिद्र नियमापेक्षा लहान निघालं, तर करण्यासारखं फारसं उरत नाही.

आता अक्षरं, म्हणजे नळीच्या जाडी-वजनाचा वर्ग. 'बी वेट' किंवा 'सी वेट' हे सर्वमान्य प्रमाण नाही, एका कारागिराची बी दुसऱ्याच्या बीपेक्षा वेगळी असू शकते. म्हणून अक्षर बाजूला ठेवा आणि चार आकडे मागा: बुडाशी (मागच्या टोकाशी) जाडी, कमरेशी (मधल्या सर्वांत बारीक जागी) जाडी, तोंडाशी (पुढच्या टोकाशी) जाडी, आणि कंबर बुडापासून किती इंचांवर आहे. यांतला पहिला आकडा बाकी सगळी रायफल ठरवतो. १७७० च्या आसपासच्या रायफलींची बुडं भरदार, १ ते १ १/८ इंच. १७९० नंतर ती सडपातळ होत गेली. भरदार बुडाला मोठं लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) शोभतं आणि बसतंही. सडपातळ बुडाला मोठं लॉक लावलं तर दस्ता मनगटापाशी, म्हणजे मुठीत धरायच्या जागी, हवा तसा बारीक करताच येत नाही, कारण लॉकची आतली कमान आणि टंबलर (घोड्याबरोबर फिरणारा भाग) आडवे येतात. तेव्हा आधी काळ आणि धाटणी ठरवा, मग बूड, मग लॉक. लॉक आवडलं म्हणून आधी घेऊन ठेवणारे पुढे नळीपाशी अडतात.

लांबी ४२ इंच ठेवा. ४४ आणि ४६ इंची नळ्या दिसायला देखण्या असतात आणि नेम धरायच्या दोन माश्यांमधलं अंतरही वाढतं, पण उभ्याने ठासताना तोंड आणखी वर येतं. बेताच्या उंचीच्या माणसाला ते दिवसभर जड जातं.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, नवशिक्याने सरळ अष्टकोनी नळी घ्यावी, कमरेत बारीक असलेली 'स्वॅम्प्ड' नळी पुढच्या वेळी. पटत नाही. (व्हर्जिनिया)

दस्ता ओंडक्यातून स्वतः कोरणार असाल, तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. सरळ नळीचा खोबणा (दस्त्यात नळी बसायची जागा) एकाच मापाचा असतो, पट्टी आणि पटाशीने सावकाश निघतो. स्वॅम्प्ड नळी बुडाशी जाड, पुढे कमरेशी बारीक आणि तोंडाशी पुन्हा थोडी फुललेली असते. तिचे आठही पृष्ठभाग हलक्या वळणात जातात, आणि खोबणा कुठे सैल झाला तर ती फट रायफलीच्या आयुष्यभर दिसत राहते.

पण खोबणा आधीच काढलेला दस्ता घेणार असाल, तर हा मुद्दा संपतो. तेव्हा स्वॅम्प्डच घ्या, आणि दस्ता व नळी एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी मागवा. वेगळ्या कारागिराची नळी 'जवळपास बसते' म्हणून घेऊ नका.

यामागचं कारण वजन. ४२ इंची, .५० ची सरळ नळी १ इंच जाड असेल तर सुमारे ३.४ किलो भरते. १५/१६ असेल तर २.९, ७/८ असेल तर २.४ आणि १३/१६ असेल तर १.९ किलो. १५/१६ ची रायफल लाकूड, लॉक, पितळ धरून साडेचार किलोच्या आसपास जाते, आणि त्यातला बराच भार डाव्या हाताच्या पुढे लोंबतो. स्वॅम्प्ड नळीत तेच लोखंड बुडाकडे, जिथे दाब सर्वांत जास्त असतो तिथे राहतं, पुढचा भाग हलका होतो. खांद्याला लावताच फरक कळतो. सरळच घ्यायची असेल, तर .५० साठी ७/८ हा चांगला मध्य आहे. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: बाहेरचं माप तेच ठेवून छिद्र लहान केलं तर नळी जड होते. १५/१६ मध्ये .४० ची नळी .५४ च्या नळीपेक्षा अर्ध्या किलोहून जास्त जड भरते. 'लहान कॅलिबर म्हणजे हलकी रायफल' असं समजून ती घेऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे .४५ ची १३/१६ इंच सरळ नळी आहे, आतून गंजली आहे. एक जण ती .५४ पर्यंत वाढवून, नव्याने खाचा (छिद्रातल्या पिळदार रेघा) पाडून देतो म्हणतो. करू का? (टेनेसी)

.५४ पर्यंत नको. १३/१६ म्हणजे .८१२. त्यातून .५४ वजा करून निम्मं केलं की भिंत .१३६ राहते. खाचांची खोली .०१४ धरली तर खाचेच्या तळाशी .१२२. नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या लगसाठी खालून .०६० खोल डव्हटेल (तिरप्या कडांची आडवी खाच) कापलं, की तिथे .०६२ उरते, म्हणजे मूळ भिंतीच्या निम्म्याहून कमी. मागच्या माशीचं डव्हटेलही असंच.

बुडाशी अडचण याहून मोठी. कानात, म्हणजे रंजकाची (लॉकच्या वाटीतल्या दारूची) आग आत नेणाऱ्या छिद्रात, बसवायच्या १/४-२८ (१/४ इंच व्यास, इंचाला २८ आटे) लायनरला, म्हणजे आट्यांच्या बारीक नळकांडीला, .१३६ जाडीत चारही पूर्ण आटे मिळत नाहीत. आणि ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं बूड बंद करणारं आट्यांचं बूच? ५/८-१८ आट्यांचा आतला व्यास साधारण .५६५ असतो, आणि .५४ च्या नळीत खाचेच्या तळापासून तळापर्यंतचं माप .५६८ होतं. म्हणजे प्लगचं तोंड ज्या खांद्यावर घट्ट टेकायला हवं, तो खांदा जवळजवळ नाहीसा होतो. खाचांतून वायू थेट आट्यांत शिरतो, तिथे दारूची राख साचते, ती ओल धरते, आणि गंज आटे खातो. मोठ्या छिद्राला ११/१६ किंवा ३/४ इंचाचा प्लग लागतो, पण ३/४ चा प्लग १३/१६ च्या नळीत बसवला तर आट्यांबाहेर .०३१ एवढीच भिंत राहील. तो विचारच नको.

.५० पर्यंत जाता येईल, पण एका अटीवर. आधी प्लग काढून आटे मोजा. प्लग ९/१६-१८ असेल तर .५० लाही हीच खांद्याची अडचण येते. ५/८-१८ असेल तर खांदा पुरेसा राहतो, भिंत .१५६ मिळते, आणि लगची डव्हटेलं .०४० पेक्षा खोल न नेता काम होतं. प्लग काढणं आणि नवा बसवणं हे लेथ असलेल्या जाणकाराकडूनच करून घ्या. गंज खोलवर गेला असेल, किंवा नळी कोणी कोणत्या पोलादातून केली हे माहीत नसेल, तर ती भिंतीवर टांगा.

हाच हिशोब स्वॅम्प्ड नळीच्या कमरेशीही करायचा असतो. .५० ची नळी कमरेशी .७०० असेल तर भिंत .१००, .०१२ खोल खाचेशी .०८८. तिथे .०५० चं डव्हटेल कापलं तर .०३८ उरते. म्हणून मधला लग कमरेपासून बाजूला सरकवा किंवा डव्हटेल .०३० वर थांबवा. लगचं पिनेचं भोक लांबीच्या दिशेने थोडं लांबट करायला विसरू नका. लाकूड हवामानानुसार लांबीतही किंचित हलतं. भोक गोल राहिलं तर लांब दस्ता नळीला ओढून धरतो आणि गोळ्या निशाणाच्या वर-खाली जाऊ लागतात.

प्रश्न : पीळ किती असावा? ४८, ५६, ६६, ७० असे आकडे दिसतात. (इंडियाना)

चिंधीत गुंडाळलेली गोल गोळीच वापरणार असाल, तर यांतला कोणताही चालतो. .४५ पर्यंत ४८ इंचांत एक फेरा, .५० ला ५६ किंवा ६६, .५४ ला ६६ किंवा ७० हा सर्वसाधारण प्रघात आहे. संथ पिळाची नळी दारूचं माप वाढल्यावरही गोळी नीट धरते, वेगवान पिळात गोळी कंगोऱ्यांवरून (दोन खाचांमधल्या उंच पट्ट्यांवरून) घसरण्याची शक्यता वाढते. २८ किंवा ३२ चा पीळ लांबट गोळीसाठी असतो, तो इथे घेऊ नका.

पिळापेक्षा खाचेच्या खोलीकडे जास्त लक्ष द्या. चिंधीला जागा हवी, म्हणून गोल गोळीच्या नळीत खाचा .०१० ते .०१६ खोल असतात. लांबट गोळीच्या नळीत त्या .००५ च्या आसपास, तिथे चिंधी फाटते. गोल तळाच्या खाचा ठासायला आणि पुसायला सोप्या जातात. चौकोनी खाचाही अचूक मारतात, फक्त चिंधी थोडी जाड लागते.

प्रश्न : प्लग मी स्वतः बसवू का? आणि कानाची जागा कशी काढायची? (मिसूरी)

पहिल्या रायफलीला प्लग कारागिराकडूनच बसवून घ्या. खर्च थोडाच वाढतो. चुकीचा बसलेला प्लग बाहेरून दिसत नाही.

कानाची जागा मात्र तुम्हालाच काढायची आहे. सपाट टोकाची लाकडी काठी नळीत प्लगपर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून प्लगचं तोंड कुठे येतं ते पेन्सिलीने आखा. सांगितलेल्या मापावर विसंबू नका. १/४ इंचाच्या लायनरचा मध्य या रेषेच्या पुढे १/८ ते ५/३२ हवा. प्लग १/२ इंच लांब असेल तर मागच्या कडेपासून हे अंतर ५/८ ते २१/३२ होतं. आता लॉक पुढेमागे सरकवून रंजकाच्या वाटीचा मध्य या ठिकाणी आणा. कानाचा मध्य वाटीच्या वरच्या काठाच्या पातळीत यावा. लॉक लाकडात पूर्ण बसल्यावरच भोक पाडा, त्याआधी कधीही नाही. सुरुवात १/१६ इंचाने करा, पेट संथ वाटला तर थोडं वाढवा, पण ५/६४ च्या पुढे नको. कान प्लगच्या तोंडावर अर्धवट आला तर प्लगमध्ये खाच कापून मार्ग काढणारे लोक आहेत. आमचा सल्ला, तसं करू नका. त्या खाचेत राख साचते आणि दर काही बारांनंतर रायफल नुसती वाटीतच पेटते.

दारू काळीच वापरा. तिचे पर्याय उशिरा पेट घेतात, चकमकीच्या ठिणगीला ते दाद देत नाहीत. धूररहित दारू या नळ्यांत कधीही, किंचितही घालायची नाही.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. नळी मागवून इथे बनवता येईल का?

परवान्याशिवाय नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीच्या सुट्या भागांचाही समावेश आहे, आणि बनवण्यासाठीही परवाना लागतो. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्याने काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका नेहमीच्या बंदुकांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत, तरी तिथेही काही राज्यांचे नियम कडक आहेत.

प्रश्न : नळी आली की काय तपासावं? (केंटकी)

पुसून उजेडाकडे धरा आणि खाचा शेवटपर्यंत सारख्या दिसतात का पाहा. तेलाची घट्ट चिंधी गजावर एकसारख्या जोराने ढकला, जिथे अचानक सैल किंवा अडकल्यासारखं वाटेल ते ठिकाण लिहून ठेवा. तोंडाशी आठही बाजूंनी भिंत व्हर्नियरने मोजा. छिद्र किंचित एका बाजूला असणं दुर्मीळ नाही. तसं असेल तर जाड बाजू वर किंवा खाली येईल अशी नळी फिरवा, म्हणजे चूक उंचीत जाते आणि माशी कानसून ती भरून निघते. मात्र हे प्लग बसवण्याआधी ठरवायला हवं, म्हणून मागणी नोंदवतानाच कारागिराला सांगा. तोंडाची आतली कड धारदार असेल तर ३२० चा पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून गोल फिरवत ती मऊ करा. पहिल्या काही बारांनंतर चिंध्या गोळा करून बघा. कंगोऱ्यांच्या जागी कापलेल्या दिसल्या तर नळी सदोष आहे असं लगेच ठरवू नका, नवे कंगोरे धारदार असतात. बारीक स्टील वूल गजावर गुंडाळून, तेल लावून आतून बरेच फेरे मारा. त्यानंतरही चिंध्या कापल्या जात असतील, तर नळी परत पाठवा.