यूजनेटचं कनेक्शन: कुठलं घ्यावं?

प्रश्न: गूगल ग्रुप्सने फेब्रुवारी 2024 मध्ये यूजनेटचे (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्याचे) नवे मजकूर घेणं थांबवलं. आता पैसे भरून सेवा घ्यायची आहे. एक कंपनी 30 कनेक्शन (सर्व्हरशी एकाच वेळी होणाऱ्या जोडण्या) देते, दुसरी 100. शंभरवाली घेऊ का?

उत्तर: आधी हे ठरवा की तुम्हाला नुसत्या चर्चा वाचायच्या आहेत की मोठ्या फायली उतरवायच्या आहेत. चर्चाच हव्या असतील तर पैसे घालवू नका. इटर्नल सप्टेंबरसारख्या सर्व्हरवर फुकट नोंदणी होते, थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये वाचता येतं.

फायलींसाठी कनेक्शनच्या आकड्याला भुलू नका. घरच्या 100 एमबीपीएस लाइनवर वेग सेकंदाला 12.5 एमबीच्या वर जाणारच नाही, आणि तेवढ्याला बहुधा 10-20 कनेक्शन पुरतात. खरं पाहायचं ते रिटेन्शन, म्हणजे जुने मजकूर किती दिवस सर्व्हरवर राहतात ते. शिवाय त्यातले किती शाबूत आहेत तेही. डाउनलोड करताना ‘430’ दिसला, तर तो लेख (म्हणजे फायलीचा एक तुकडा) त्या सर्व्हरवर नाही असं समजा. थोडेच तुकडे गळाले असतील तर पार2 फायलींनी (दुरुस्तीसाठी सोबत दिलेल्या जादा फायलींनी) दुरुस्ती होते.

गंमत अशी की बऱ्याच कंपन्या एकाच बॅकबोनचा (मजकूर साठवणाऱ्या मूळ सर्व्हर-यंत्रणेचा) माल वेगळ्या नावाने विकतात. तशा दोन घेतल्या तर एकीकडे नसलेलं दुसरीकडेही बहुधा नसतंच. म्हणून मुख्य खातं एका बॅकबोनवर, आणि जोडीला वेगळ्या बॅकबोनवरचं ब्लॉक खातं, म्हणजे ठरावीक जीबी एकदाच विकत घ्यायचे. मुदत नसलेलंच घ्या.

सेटिंगमध्ये पोर्ट 563 आणि एसएसएल (माहिती सांकेतिक करून पाठवण्याची सोय) चालू ठेवा. 119 वर पासवर्ड उघडाच जातो. वर्षाचे पैसे भरण्याआधी महिनाभर रात्री नऊच्या सुमारास वेग तपासा.